हायब्रिड गाडीची छोटी १२ व्होल्टची बॅटरी सारखी उतरते, काय करू?

मोठी बॅटरी फुल असली तरी ही छोटी उतरली की गाडी ढिम्म, कारण गाडीतले कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचे रिले (तिला गाडीशी जोडणारे स्विच) हिच्यावरच चालू होतात. बहुतेक फुल हायब्रिडमध्ये (नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या) इंजिन फिरवायचं काम मोठी बॅटरी करते, त्यामुळे जंप द्यायला, म्हणजे बाहेरून करंट देऊन गाडी चालू करायला, छोटा जंप स्टार्टर पण पुरतो, फक्त प्लस मायनस उलटं लावू नका, महागात पडेल! हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना तर हातच लावायचा नाही. मग डॅशबोर्डवर रेडी दिसलं की गाडी तशीच तासभर ठेवा, नुसतं एसीसीवर (गाडी रेडी न करता फक्त रेडिओ वगैरे चालतो तो मोड) ठेवून गाणी ऐकत बसलात तर चार्ज होणार नाही उलट अजून उतरेल. रात्रभर उभ्या गाडीत व्होल्ट मोजायच्या मीटरवर छोट्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवं, १२ च्या खाली वारंवार जात असेल तर बदलूनच टाका.