सूड सूर्यासारखा उगवत नाही

प्रश्न असा आला आहे: शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'वर लिहिताना त्याने बापाच्या खुनाचा 'बदला घेतला' म्हणावं की 'सूड उगवला'?

सूड म्हणजे काय ते सांगत बसत नाही. भाऊबंदकी पाहिलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. मला वैताग आहे तो 'हॅम्लेटच्या मनात सूड उगवला' या वाक्याचा. नाट्यपरीक्षणांत, मालिकांच्या जाहिरातींत, हल्ली जिथे तिथे. उगवायला सूड म्हणजे काय हरभरा आहे? सूड माणूस उगवतो. क्रियापद सकर्मक आहे, भूतकाळात कर्त्याला 'ने' लागतो: हॅम्लेटने सूड उगवला. बस.

हे 'उगवणे' सूर्याचं नाही, सावकाराचं आहे. जुन्या देण्याघेण्यात थकलेली बाकी 'उगवत', वसुलीला 'उगवणी' म्हणत. सूर्याचं उगवणं 'उद्गम'च्या घरातलं. हे दुसरं माझ्या मते 'उद्ग्राह'च्या घरातलं, म्हणजे हिंदीतल्या 'उगाही'चं भावंड. दोन्ही अर्थ एकाच नोंदीत कोंबून 'वैर आतून वर येते म्हणून उगवते' अशी सारवासारव करणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: मग थकबाकी काय जमिनीतून वर येते?

संस्कृतातही हाच हिशेब. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश सांगतो, 'वैरशुद्धिः प्रतीकारो वैरनिर्यातनं च सा', म्हणजे सुडाला हे तीन शब्द. तोच अमर पुढे 'निर्यातन'चे अर्थ देतो: वैर फेडणं, दान, आणि ठेव परत करणं! (मालाच्या निर्यातीशी याचं नातं लावू नका, तिथे धातू 'या', इथे 'यत्'.) आपस्तंब धर्मसूत्रात तर दरच दिला आहे. क्षत्रियाला मारलं तर 'वैरयातनार्थ', म्हणजे वैर फेडण्यासाठी, १००० गाई, वैश्याला १००, शूद्राला १०. या सूत्राचे इंग्रजी भाषांतरकार ब्यूलरसाहेब, त्यांनी याचं भाषांतर 'पापक्षालनासाठी' असं केलं. मला ते मुळीच मान्य नाही. समोर धडधडीत 'वैर' असताना त्याचं पाप कशाला करायचं? आणि प्रायश्चित्तासाठी सूत्रकाराने वर एक बैल वेगळा सांगितलाच आहे की.

आता नाटकातला तिसरा अंक घ्या. क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटच्या बापाला मारून डेन्मार्कचा राजा झालेला त्याचा काका, गुडघे टेकून प्रार्थना करतोय, मागे हॅम्लेट तलवार घेऊन उभा. मारत नाही. का, तर प्रार्थना करताना मेला तर स्वर्गात जाईल, आणि बाप बिचारा पापाची कबुलीही न देता झोपेत मेलेला. १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या एकत्रित आवृत्तीत, हॅम्लेट म्हणतो: ही तर मजुरी आणि पगार झाला, सूड नव्हे. त्याआधीच्या क्वार्टोंत, म्हणजे सुट्या छोट्या आवृत्त्यांत, इथले शब्द वेगळे आहेत, पण मी फोलिओच्या बाजूचा. उगवणीला आलेला माणूस ऋणकोच्याच हातावर पैसे ठेवून परतेल का? समीक्षक याला अनिर्णय म्हणतात. मला तो वसुलीतला चोखपणा दिसतो. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'च्या भाषांतराला 'विकारविलसित', म्हणजे विकारांचा खेळ, असं नाव दिलं, तेव्हापासून आपल्याकडे हॅम्लेट म्हणजे नुसता मनाचा गुंता होऊन बसला, असा माझा जुना संशय आहे.

हां, 'बदला'. अरबी 'बदल'चा वंशज, अदलाबदल आणि मोबदला यांच्या कुळातला. लिहा, कोणी अडवत नाही. पण हॅम्लेट जे नाकारतो ते नेमकं मोबदला देणंच आहे.

उगवणी बघायचीच तर नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याची बघा. त्याच्या बापाला थोरल्या हॅम्लेटने, म्हणजे हॅम्लेटच्या त्याच नावाच्या बापाने, द्वंद्वात मारून जमीन जिंकली होती. हॅम्लेटनेच ज्याचा बाप मारला तो लेअर्टीस सुडासाठी विषारी तलवार घेऊन आला आणि तिच्याच घावाने मेला. हॅम्लेटने उगवला तो मरता मरता. फोर्टिनब्रास मात्र पोलंडहून परतताना दरबारात शिरतो, तर आडवे आलेले सगळे आधीच आडवे पडलेले. बापाची जमीन सुटली, वर व्याजात अख्खं डेन्मार्क.