पासबुकातले १७.७०, २७.१४ आणि ५९० : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत पासबुकातल्या अशाच तुटक आकड्यांबद्दल विचारणा आहे. हे आकडे विचित्र दिसतात, कारण मूळ शुल्कावर १८ टक्के जीएसटी चढलेला असतो. आकड्याला १.१८ ने भागा, मूळ शुल्क सापडते : १५, २३, ५००. एवढे केले तरी कापलेले पैसे कशाचे, याचा निम्मा उलगडा होतो.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. पगाराचे खाते तसेच पडून होते. परवा भावाने त्यात ३,००० रुपये पाठवले, तर १,१०० च उरले. बँक म्हणते, 'मिनिमम बॅलन्स ठेवला नाही.' पण हे खाते झिरो बॅलन्सचे होते! (वाचक, भांडुप)

सवलत पगाराला होती, खात्याला नव्हती. साधारण तीन महिने लागोपाठ पगार जमा झाला नाही की बहुतेक बँका पगाराचे खाते साध्या बचत खात्यात बदलतात. तिथून किमान शिल्लक लागू होते आणि मुंबईसारख्या महानगरात ती गावच्या शाखेपेक्षा बरीच जास्त असते.

रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून असा आहे : शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचे, ती भरून काढायला महिन्याची मुदत द्यायची आणि त्यानंतरच दंड लावायचा. दंड तुटीच्या प्रमाणात हवा. आणि केवळ या दंडापायी खाते उणे होता कामा नये. पण काही बँका न वसूल झालेला दंड बाजूला मांडून ठेवतात आणि पैसे जमा होताच उचलतात. तुमच्या भावाचे पैसे बहुधा असेच गेले. शाखेकडे लेखी मागा : खाते कोणत्या तारखेला बदलले, शिल्लक कमी असल्याची सूचना कधी आणि कोणत्या नंबरवर पाठवली, प्रत्येक महिन्याची तूट किती धरली. जुना मोबाइल नंबर बंद झाला असेल तर बँक 'एसएमएस पाठवला होता' म्हणेल. म्हणून नोकरी सोडताना नंबर आणि पत्ता आधी बदलून घ्यावा.

आता हिशेब कसा होतो ते. किमान शिल्लक रोज तेवढी ठेवायची नसते, बहुतेक ठिकाणी महिन्याची सरासरी पाहतात. रोज दिवसअखेरीची शिल्लक मांडायची, बेरीज करायची, दिवसांनी भागायचे. समजा अट १०,००० रुपयांची आहे आणि महिना ३० दिवसांचा. म्हणजे बेरीज ३,००,००० यायला हवी. पहिले चार दिवस खात्यात २२,००० होते, मग भाडे आणि किराणा जाऊन ३,००० उरले. महिनाअखेरीस बेरीज होते १,६६,०००, सरासरी ५,५३३.

हे १५ तारखेच्या रात्री लक्षात आले तर तोवरची बेरीज १,२१,००० असते. उरलेल्या पंधरा दिवसांत १,७९,००० हवेत, म्हणजे रोज ११,९३३. खात्यात ३,००० आहेतच, वर सुमारे ८,९३५ घालून ठेवले की काम झाले. तेच २५ तारखेला आठवले तर उरलेल्या पाच दिवसांसाठी २६,८०० रुपये घालावे लागतात. उशीर केला की उसनवारी तिप्पट. काही बँका महिन्याऐवजी तिमाहीची सरासरी धरतात, ते आधी विचारा.

खाते नको असेल तर ते बंद करा, नुसते विसरू नका. उघडल्यापासून वर्षाच्या आत बंद केले तर पुष्कळ बँका शुल्क घेतात. बंद करण्याआधी विम्याचा हप्ता, एसआयपी आणि गॅसचे अनुदान दुसऱ्या खात्याकडे वळवा.

खाते हवेच असेल तर 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट अकाउंट' असे पूर्ण नाव घेऊन मागा. नुसते 'झिरो बॅलन्स' म्हटले की काउंटरवर भलताच फॉर्म पुढे सरकतो. या खात्याला किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट आणि महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे फुकट (एटीएममधून काढलेले धरून). अट एकच, त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. याशिवाय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये आणि कॅनरा व पंजाब नॅशनल बँकेने २०२५ मध्ये बचत खात्यावरचा हा दंडच काढून टाकला आहे.

प्रश्न : खाते रत्नागिरीच्या शाखेत, मी दादरला राहतो. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून गावी पाच वेळा पैसे काढले तरी काही कापत नाहीत, इथे चौथ्या वेळीच २७.१४ गेले. असे का? (वाचक, दादर)

कारण मोजणी एटीएम कुठे आहे त्यावर होते, खाते कुठे आहे त्यावर नाही. मुंबईसह सहा महानगरांत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला तीन व्यवहार फुकट, इतरत्र पाच. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर पाच. त्यापुढे १ मे २०२५ पासून जास्तीत जास्त २३ रुपये अधिक जीएसटी.

इथे लोक फसतात ते शिल्लक बघताना. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर नुसता बॅलन्स पाहिला तरी तीनपैकी एक व्यवहार संपतो. तो फोनवर पाहावा. उलट मशीन बिघडले, नोटा संपल्या किंवा पिन चुकला, तर तो व्यवहार धरायचा नाही असे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र शिल्लक नसताना पैसे काढायला गेलात आणि व्यवहार नाकारला गेला, तर पुष्कळ बँका त्याचे वेगळे शुल्क घेतात. खात्यात पैसे नाहीत म्हणून पैसे कापायचे! पण दरपत्रकात ते छापलेले असते.

खात्यातून पैसे वजा झाले पण नोटा आल्या नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत घालायची. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही तुम्ही न मागता. मशीनची पावती किंवा एटीएमचा क्रमांक जपून ठेवा.

प्रश्न : माझी वडापावची गाडी आहे. क्यूआरवर पैसे घ्यायला काही लागत नाही म्हणतात, मग हिशेबात दर महिन्याला पैसे कमी का येतात? (वाचक, परळ)

बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क नाही, १ जानेवारी २०२० पासून. तुमचे कापले जातात ते बहुधा साऊंडबॉक्सचे, म्हणजे पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या डब्याचे, भाडे. ते रोजच्या जमा रकमेतून वळते होते किंवा त्यासाठी तुमच्याकडून ऑटोपे (ठरलेले पैसे आपोआप कापण्याची परवानगी) मंजूर करून घेतलेले असते, म्हणून वेगळे बिल दिसत नाही. ॲपमधला रोजचा सेटलमेंट रिपोर्ट उघडा. विक्रीची रक्कम आणि जमा रक्कम यांतला फरक ज्या तारखेला पडतो, तिथे कारण लिहिलेले असते.

डबा बिघडून कपाटात पडला तरी भाडे चालूच राहते. नको असेल तर परत करा, परत केल्याची पावती घ्या आणि यूपीआय ॲपमधला ऑटोपे स्वतः रद्द करा. माणूस डबा घेऊन गेला म्हणजे भाडे थांबले, असे नाही.

त्याच ॲपवरून दुकानासाठी कर्ज घेतले असेल तर त्याचा रोजचा हप्ताही याच जमेतून जातो. आणि गिऱ्हाइकाने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले तर नियम वेगळा : छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत शुल्क नाही, त्याहून मोठ्या रकमेला लागते. वडापावाला त्याची झळ नाही, पण लग्नाची ऑर्डर घेताना लक्षात ठेवा.

प्रश्न : बाइकच्या कर्जाचा हप्ता ५ तारखेला, पगार ७ ला. गेल्या महिन्यात हप्ता बाउन्स झाला आणि दोन ठिकाणी दंड बसला. एका चुकीला दोन दंड? (वाचक, कुर्ला)

हो. तुमची बँक हप्ता परत गेल्याचे शुल्क घेते (५०० असेल तर जीएसटीसह ५९०) आणि कर्ज देणारी कंपनी आपले बाउन्स शुल्क वेगळे लावते. कंपनीने त्याच महिन्यात पुन्हा प्रयत्न केला आणि तोही फसला तर बँकेचे शुल्क पुन्हा.

हप्त्याची वसुली बऱ्याचदा सकाळीच होते. ५ ला दुपारी पैसे भरून उपयोग नाही, ४ च्या संध्याकाळी खात्यात हवेत. कायमचा उपाय म्हणजे कंपनीला लेखी अर्ज देऊन हप्त्याची तारीख १० करून घेणे. तारीख बदलली की मॅंडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची लेखी परवानगी) पुन्हा द्यावे लागू शकते, तोवर हप्ता हाताने भरा. दंडाला घाबरून मॅंडेटच रद्द करू नका. त्याने कर्ज थांबत नाही आणि पुरेसे पैसे नसल्याने वसुली परत जाणे हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो.

हप्ता चुकल्याचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने मनाई केली आहे. कर्जाचा उतारा मागवून तेवढे तपासा.

प्रश्न : आईच्या खात्यातून मे महिन्यात ४३६ आणि २० रुपये गेले. हे कसले शुल्क? (वाचक, गिरगाव)

शुल्क नव्हे, विमा. ४३६ जीवन ज्योती योजनेचे, २० अपघाताच्या सुरक्षा योजनेचे. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. नको असतील तर मे उजाडण्यापूर्वी शाखेत लेखी द्या, पण २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण बंद करण्यापूर्वी आईंशी बोला.

प्रश्न : शाखेत तक्रार केली, 'सिस्टीमने कापले' एवढेच उत्तर मिळाले. पुढे काय? (वाचक, मुलुंड)

तोंडी तक्रार धरली जात नाही. बँकेच्या ॲपवर किंवा ईमेलने द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. त्यात तारीख, रक्कम आणि पासबुकातले शब्द जसेच्या तसे लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा, मराठीतही बोलता येते. तुमचे खाते पतसंस्थेत असेल तर मात्र हा लोकपाल कामाचा नाही, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते.