शेतीचा भूगोल शिकायला घेतलायस तर

व्याख्या पाठ करत बसू नकोस. आधी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला जा, मग त्याच जिल्ह्यातल्या अथणीला. खानापुरात घाटाचा धो धो पाऊस, म्हणून भात. अथणीकडे पाऊस आटतो, काळ्या रानात शाळू. पण तिथंच कृष्णाकाठी ऊस! म्हणजे नुसता पाऊस पीक ठरवत नाही. माती, पाणी, बाजार सगळं बघायचं.

नवखे इथं हमखास चुकतात:

- निर्वाह शेती म्हणजे मागास शेती नव्हे. घरी खाण्यापुरतं पिकवणं, एवढंच.
- सखोल शेतीचा खोल नांगरटीशी संबंध नाही (मीही तसंच समजायचो). थोड्या जमिनीत जास्त श्रम, जास्त भांडवल.

वॉन थ्युनेन या जर्मन अभ्यासकाची १८२६ सालची वलयं (बाजारापासूनच्या अंतरानुसार शहराभोवती पडणारे शेतीचे पट्टे) सध्या राहू देत. त्याआधी एवढंच बघ: तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन नि साखर दोन्ही घटतात, म्हणून कारखाना फडाजवळच लागतो.