घरातल्या टाकीत समुद्र आणायचाय, तर आधी हे वाच

मालवणात राहतोस, तर समुद्र दाराशीच आहे, पण प्रवाळाला हात लावू नकोस. खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घोडामासा, म्हणजे समुद्रघोडा, तोही तसाच. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नकोस. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे, त्या हद्दीतून काहीच आणायचं नाही.

मग टाकीत ठेवायचं काय? हद्दीबाहेरच्या खडपातली, ओहोटीच्या डबक्यातली दुनिया. शंखात राहणारा खेकडा, गोगलगाय, बोटाएवढा एखादा मासा. खेकडा शेवाळ कुरतडताना जवळून बघ, नांग्या कशा आळीपाळीने तोंडाशी जातात! तासभर हलावंसं वाटत नाही. सुरुवातीला दोन-तीन जीव पुरे.

पाणी मात्र सांभाळ. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाचं पाणी कधीच भरू नकोस, त्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरलेला असतो. मी एकदा जुलैत भरलं, पाणी गढूळ नव्हतं म्हणून खारटपणा मोजला नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही खेकडे गेले. अजून वाईट वाटतं. तेव्हापासून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, लावल्याशिवाय बादली ओतत नाही. सापेक्ष घनता (साध्या पाण्याच्या तुलनेत) 1.025 च्या आसपास हवी. टाकीतलं पाणी उडून गेलं की मीठ मागे राहतं, म्हणून तेवढी भर गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे.

टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे जीव सोडू नकोस, अमोनिया आणि नायट्राइट ही जिवांना विषारी द्रव्यं शून्यावर येऊ देत. आणि बॅटरीवरचा हवेचा पंप आधीच घेऊन ठेव. पावसात आपल्याकडे वीज किती वेळ जाते, तुला माहीतच आहे.