लष्करी विमानात माल चढवायला-उतरवायला विनाचालक गाडी वापरता येईल का?

राम राम भाऊ. तुम्ही लिहिलंय की जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्टला हा विषय घेतलाय, आणि गाडीला रस्ता दिसावा म्हणून कॅमेरा लावू की लायडार (लेझरचे किरण फेकून अंतर मोजणारं यंत्र), यावर अडलं आहे. मी लष्कराच्या सर्व्हिस कोअरमध्ये होतो. चंदिगडहून लडाखला जाणाऱ्या विमानांत रसद भरण्यात काही वर्षं गेली. आता सावद्याला केळीची बाग बघतो. माझ्या मते तुम्ही सोप्या जागी अडलात. गोदामापासून विमानापर्यंत गाडी एकटी जाईल, त्यात आता फार नवल नाही. कस लागतो तो विमानाला भिडताना, शेवटच्या वीतभरात.

केळीचा ट्रक भरताना बघितलाय ना? घड चढत जातात तसे स्प्रिंगचे पाटे बसतात आणि फाळका खाली खाली येतो. खालून घड देणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, त्याचा हात आपसूक तेवढाच वर जातो. विमानाचंही तसंच. माल आत सरकला की चाकांचे दांडे दबतात आणि विमानाचा तळ खाली येतो. उतरवताना उलट, तळ वर उचलला जातो.

आता आपल्या हवाई दलाकडचं सी-17 हे मालवाहू विमान घ्या. त्यात 463 एल नावाचे पॅलेट, म्हणजे माल रचायच्या सपाट फळ्या, जातात, एका विमानात 18. पॅलेट 88 बाय 108 इंचांचा, जाडी सव्वादोन इंच, आत बाल्सा लाकूड आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. त्यावर 10,000 पौंड, म्हणजे साधारण साडेचार टन माल बसतो, आणि विमानाच्या तळाला रोलर असल्यामुळे दोघं-चौघं तो हातानं ढकलू शकतात. गोम तिथंच आहे. लोडरचा, म्हणजे माल विमानाला भिडवणाऱ्या गाडीचा, प्लॅटफॉर्म जरा वर राहिला, खाली राहिला की पॅलेटची कड अडकते. उतार राहिला तर साडेचार टन आपल्या मर्जीनं निघतात, मग मध्ये कुणाचा पाय आहे ते बघत नाहीत. म्हणून के-लोडर नावाच्या गाडीचा प्लॅटफॉर्म वर-खाली होतो, पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे कलतोही. चालक मुंगीच्या पावलानं पुढे येतो, समोरचा गडी हातानं खुणा करत असतो, त्यानं मूठ आवळली की ब्रेक. या खुणा करणाऱ्याची जागा घेणारं यंत्र बनवा, बाकी सगळं नंतर.

दुसरी भानगड वजनाची. बैलगाडी मागून जड झाली की उलाळ होते, जू वर आणि बैल लटकलेले. विमानाची शेपटी तशीच टेकू शकते, म्हणून कुठला पॅलेट कुठल्या जागी याचा हिशेब आधी मांडतात, काही विमानांना भरताना मागून टेकूही देतात. हिशेब चिठ्ठीवरच्या वजनावर चालतो, आणि चिठ्ठीवरचं वजन नेहमी खरं असतं असं समजू नका. (केळीच्या काट्यावर जन्म गेलेल्यांना हे काय सांगायचं.) तेव्हा गाडीनं उचलतानाच वजन मोजलं पाहिजे.

विमानात माल जखडून बांधणं मात्र माणसाकडेच ठेवा. 29 एप्रिल 2013 ला अफगाणिस्तानातल्या बगरामहून उडालेलं एक मालवाहू बोईंग 747 विमान लगेच कोसळलं, सातही जण गेले. आत पाच चिलखती गाड्या होत्या. त्या नीट जखडलेल्या नव्हत्या. एक सुटून मागे सरकली आणि तिनं शेपटीची यंत्रणाच तोडली.

तुमच्या लायडारचं म्हणाल तर बरेच लायडार अवरक्त किरण फेकतात. दिवे विझवून काम चालू असताना रात्री बघायच्या चष्म्यातून ते चमकताना दिसू शकतात. जीपीएस शत्रू जाम करतो. आणि दारूगोळ्याजवळ वायरलेस वाटेल तसं चालू ठेवता येत नाही, काही स्फोटकं विजेच्या इशाऱ्यानं पेटणारी असतात. त्यामुळे दुरून मोबाईलवर चालवू, असा बेत असेल तर सोडा.

मग हा उद्योग कशाला? लेहला या. 3,256 मीटर उंची, गोणी उचलली की छाती भात्यासारखी चालते. बऱ्याचदा इंजिन बंदच करत नाहीत, पंख्यांचा वारा आणि आवाज एवढा की शेजारच्याला दंडाला धरून सांगावं लागतं. अशा ठिकाणी आठ जणांऐवजी दोघं लागले तरी मिळवलं.

प्रोजेक्टला खर्च करायचाच तर एक छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं घ्या. मागे रोलरचा प्लॅटफॉर्म उभा करा, फाळक्याच्या उंचीवर सेन्सर लावा, आणि भरलेली कॅरेट एकेक आत सरकवत प्लॅटफॉर्म आपोआप खाली येतो का ते बघा. नवती (नव्या लागवडीची) केळी निघेल तेव्हा आमच्याकडे गाड्या भरतातच, या. आमचे मुकादम आधी हसतील, पण चुका बरोबर दाखवतील.