मुलगा पोक काढून बसतो, त्याला पाठीचा बेल्ट कोणत्या मापाचा घ्यावा?

तुमचा मुलगा दहा वर्षांचा आहे, पोक काढून बसतो आणि त्याला खांदे मागे ओढणारा बेल्ट घ्यायचाय. माप कसं ठरवायचं आणि दिवसाला किती तास घालायचा, एवढंच तुम्ही विचारलंय. मापाचं सांगतो, पण बेल्ट मागवण्याआधी त्याचा शर्ट काढून उघडी पाठ बघा. आमच्याकडे नेमकं तेच राहून गेलं.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना एक खांदा पाडून बसायची. माझ्या मोठ्या भावाने, दादाने, तिच्यासाठी इलॅस्टिकचा बेल्ट आणला. दोन्ही खांद्यांवरून येऊन पाठीवर फुली होणारा. दादाचं म्हणणं, दप्तर जड आहे, बसायची शिस्त नाही, सहा महिने हा लावा, पाठ सरळ होईल. मी मान्य केलं. बेल्ट बनियनवर, वरून सैल टी-शर्ट. खांदे मागे गेलेले दिसायचे आणि मला बरं वाटायचं. काखेत वळ उठले, बोटांना मुंग्या येतात असं ती म्हणाली, तर मी पट्टा जरा सैल केला आणि विषय संपवला. त्या तक्रारीकडे मी लक्ष दिलं नाही, हे मला अजून बोचतं.

पाच महिन्यांनी ती पोहायला गेली होती. पडलेला गॉगल उचलायला ती माझ्यासमोर पाठमोरी वाकली आणि उजव्या बाजूच्या बरगड्या डावीपेक्षा सरळसरळ वर आलेल्या दिसल्या. उभ्या-उभ्या दिसत नव्हतं, वाकल्यावर दिसलं. एक्स-रेत कण्याचा बाक २९ अंश निघाला. १० अंशांपासून पुढे त्याला स्कोलिओसिस म्हणतात. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की मुलींमध्ये या वयात होणारा हा बाक दप्तराने होत नाही आणि चुकीचं बसल्यानेही होत नाही. कणा बाजूला वाकतो आणि स्वतःभोवती पिळतोही. खांदे मागे ओढणारं इलॅस्टिक त्याला काहीही करू शकत नाही. तिची पाळी सुरू झाली नव्हती, म्हणजे उंची भराभर वाढायचा काळ पुढेच होता आणि बाक वाढायची भीतीही तेव्हाच जास्त असते.

मग आला खरा ब्रेस. अंगाचं माप घेऊन बनवलेला, कडक प्लास्टिकचा, आतून ठरावीक जागी पॅड लावलेला. दिवसाला १८ तास. आणि ज्या दादाने बेल्ट आणला होता तोच म्हणायला लागला, काढून टाका, स्नायू कमकुवत होतील, पोरीला कोंडून ठेवलंय. हा वाद आमच्यात दोन वर्षं चालला. त्याला मी २०१३ सालचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला अभ्यास वाचून दाखवला होता. ब्रेस लावलेल्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक वाढ थांबेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. रोज सरासरी १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत ते नव्वदच्या पुढे गेलं. तास मोजले होते ब्रेसमध्ये बसवलेल्या सेन्सरने, आईवडिलांना विचारून नव्हे. दादा म्हणाला, आकडे काय कुणीही देतं. वाढ थांबल्यावर माझ्या मुलीचा बाक २८ अंशांवर आहे. म्हणजे तो गेला नाही, पण वाढलाही नाही. ब्रेसकडून अपेक्षा तेवढीच असते, हे मी दादाला आजही सांगतो.

आता तुमच्या मुलाचं. पाय जुळवा, गुडघे ताठ, तळहात एकमेकांना लावून कमरेतून हळूहळू वाकायला सांगा आणि मागून बघा. एक बाजू वर आली तर बेल्ट विसरा, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. दोन्ही बाजू सारख्या असतील तर त्याला पालथं झोपवून छाती उचलायला लावा. पोक निघून गेलं तर ती सवय आहे. तसंच राहिलं तर बाजूने एक्स-रे लागेल, कारण मणके पुढून पाचरीसारखे दबत असतील (त्याला शॉयरमन म्हणतात) तर त्याचा ब्रेस वेगळा असतो.

सवयच असेल तर माझं स्पष्ट मत, बेल्ट घेऊच नका. काढला की पोक परत येतं. टेबल-खुर्ची त्याच्या उंचीची करा, पाय जमिनीला टेकू द्या, पोहू द्या, लटकू द्या. तरीही घेणारच असाल तर वयावरून घेऊ नका, छातीचं माप टेपने घ्या. वाढत्या अंगाचा म्हणून मोठा तर मुळीच नको, तो सरकतो आणि काखेत काचतो. सुती बनियनवरून घाला, पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. अभ्यासाला बसल्यावर अर्धा तास पुरे. झोपताना आणि खेळताना नको. हाताला मुंग्या आल्या की लगेच काढा.

डॉक्टरांनी ब्रेसच दिला तर नियम वेगळे. आत शिवण नसलेला, सुरकुती न पडणारा बनियन. कातडीला क्रीम-पावडर नाही, त्याने ती मऊ पडून सोलते. तास एकदम नाही, आठवडा-दोन आठवड्यांत वाढवत न्यायचे. काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली पाहिजे, नाही गेली तर बनवणाऱ्याकडे परत. पट्टे कुठवर ओढायचे तिथे आम्ही पेनाने खूण केली होती, नाहीतर मुलं हळूच सैल करतात.

मी डॉक्टर नाही, एका मुलीचा बाप आहे. आणि हे आधीच लिहायला हवं होतं. पाठ रात्री दुखून मूल जागं होत असेल, ताप असेल, वजन घटत असेल, पायातली ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर वरचं काहीही करून बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.