‘मानूश’ म्हणजे माणूसच

प्रश्न: ‘जिप्सी स्विंग आणि लॅटिन संगीत यांचा मेळ घालणारा गिटारवादक’ हे मराठीत लिहिताना ‘भटक्यांचं स्विंग’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. भटकणं ही राहणी झाली, आणि इथे नाव एका समाजाचं आहे. कैकाडी बोलीला आपण ‘भटकी बोली’ म्हणतो का? दुसरी चूक तर रोज कानावर येते: जिप्सी किंग्ज या बँडचं गाणं लागलं की ‘हेच ते जिप्सी जॅझ’. ते जॅझ नव्हे, ती रुंबा, नाचाचा एक ताल. तिथे उजव्या हाताची उघडी बोटं तारांवरून फिरतात. स्विंगमध्ये, म्हणजे जिप्सी जॅझमध्ये, पोलादी तारांवर जाड पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) आघात असतो. कान दिला तर पहिल्या चार मात्रांतच फरक कळतो.

‘जिप्सी’ हा शब्द ‘इजिप्शियन’वरून आला, स्पॅनिश ‘हितानो’ही तिथूनच. हे लोक इजिप्तहून आले असा युरोपचा समज होता, एवढंच. 1971 साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत त्यांनी ‘रोम’ हे स्वतःचं नाव पुढे केलं.

खरा गोड शब्द पुढे आहे. जिप्सी स्विंग घडवणारा गिटारवादक जँगो राइनहार्ट (1910–1953) ज्या समाजात जन्मला त्याचं नाव मानूश. फ्रान्समध्ये या संगीताला ‘जाझ मानूश’ म्हणतात. (कृपा करून ‘मनोचे’ वाचू नका.) रोम लोकांच्या रोमानी भाषेत ‘मनुश’ म्हणजे माणूस. मूळ संस्कृत मानुष, म्हणजे आपल्या ‘माणूस’चा सख्खा भाऊ. आणि हा योगायोग नाही, नियम आहे. जुना श किंवा ष रोमानीने राखला, मराठीने बहुतेक ठिकाणी त्याचा स केला: बिश–वीस, बेर्श–वरीस, बेश–बस (बसणे), मनुश–माणूस. ‘देश’ म्हणजे दहा. तिथे मात्र आपण ह केला. पाणी, नाक, कान हे शब्द तर अनुवादाशिवाय कळतात.

मानूशांच्या जर्मन भाऊबंदांना सिंती म्हणतात. ‘सिंती म्हणजे सिंधी’ असं बरेच जाणकार ठोकून देतात. मला ते मुळीच पटत नाही, आणि कारण रोमानीच सांगते. जुन्या न्तचा तिथे न्द होतो: संस्कृत दन्त, रोमानी दन्द. न्ध असेल तर महाप्राण (‘ध’मधला ह) निघून जातो, द राहतो: बन्ध् धातूचं झालं ‘फन्द’, म्हणजे बांधणं. मग सिंधचं ‘सिंद’ व्हायला हवं होतं. ‘सिंती’तला त शाबूत आहे, म्हणजे शब्द युरोपात मागाहून घेतलेला. नकाशावर सिंध दिसलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. ध्वनी जुळावे लागतात.

स्पेनमधले हितानो स्वतःला ‘काले’ म्हणतात. होय, काळे! बार्सिलोनाच्या हितानोंनी 1950च्या दशकात कातालान रुंबा घडवली. म्हणजे मानूश स्विंगमध्ये ही रुंबा मिसळली की माणूस आणि काळे एकाच मंचावर येतात. ‘लॅटिन’ या ढोबळ शब्दात हे नातं बुडून जातं, म्हणून तोही टाळावा. शिवाय लॅटिन सूर मिसळणारा प्रत्येक स्विंगवादक जिप्सी नसतो. ऑस्कर आलेमान (1909–1980) हा आर्जेंटिनाचा. लहानपणी ब्राझीलमध्ये कावाकिन्यो (चार तारांची छोटी गिटार) वाजवणारा, पुढे पॅरिसमध्ये गायिका-नर्तकी जोसेफिन बेकरच्या साथीला असलेला. स्विंगही त्याचं, ब्राझीलच्या चालीही त्याच्या, पण तो मानूश नव्हता.

तालाचं नाव नेमकं लिहायला सांगतो, कारण वाजवताना सगळं त्यावरच अडतं. जँगोच्या 1934च्या पंचकात (पाच वादकांच्या ताफ्यात) ड्रम नव्हते. ठेका दोन साथीच्या गिटारी आणि बास धरत. त्या ठेक्याला ‘पॉम्प’ म्हणतात, फ्रेंचमध्ये पंप. चार मात्रांत दुसरी आणि चौथी ठसठशीत. कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) वाजताच डाव्या हाताचा दाब सोडायचा, म्हणजे आवाज तुटतो. रुंबेत आठ अर्ध्या मात्रांचे 3-3-2 असे गट, म्हणून आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या अर्ध्या मात्रेवर. सातवी अर्धी म्हणजे पॉम्पची चौथी मात्रा, तिथे दोघे भेटतात. पण चौथी अर्धी पॉम्पच्या दुसऱ्या मात्रेनंतर अर्ध्यावर येते, आणि तिथेच ठेका लडखडतो. उपाय: 3-3-2 बासकडे द्यावं आणि एका गिटारने दुसऱ्या मात्रेवरचा तुटक आघात टाळावा. अर्ध्या मात्राही समान ठेवाव्या. स्विंगमधली लांब-आखूड जोडी रुंबेत आणली की चाल लंगडते.

तेव्हा लिहा: ‘मानूश स्विंगमध्ये रुंबा मिसळणारा गिटारवादक’. बोलेरो असेल तर बोलेरो लिहा, सांबा असेल तर सांबा.